मदतीच्या गाण्यातील मौन

सत्कार्यासाठी निर्माण झालेल्या कलाकृतीचे परीक्षण करणे हे टीकाकाराच्या वाट्याला येणाऱ्या कामांपैकी बहुधा सर्वांत अवघड काम होय. एरवी नाटक पडले तर ते पडले, असे तो निःसंकोचपणे सांगू शकतो; गाणे रंगले नाही तर तसे लिहिण्यास त्याला कोणाची भीड वाटत नाही. परंतु त्याच नाटकाचे उत्पन्न पूरग्रस्तांना जाणार असेल, किंवा त्याच गाण्याच्या विक्रीतून रुग्णांचे काही भले होणार असेल, तर त्याची लेखणी अडखळते. दोष दाखवावा तर आपण दुःखितांच्या तोंडचा घास काढून घेत आहो की काय, अशी शंका येते. न दाखवावा तर रसिकतेशी प्रतारणा होते. बहुतेक जण यातून एक सोपी वाट काढतात: हेतूची स्तुती करावयाची आणि कलेविषयी मौन पाळावयाचे. ही वाट सोपी असली तरी सरळ नाही, असे आमचे मत आहे. हेतू आणि कृती यांचा परस्परांशी संबंध काय, हाच अशा कृतीच्या बाबतीत विचारण्याजोगा खरा प्रश्न असतो. तो टाळला म्हणजे परीक्षणाचे प्रयोजनच उरत नाही.

हा प्रश्न आम्ही येथे एका विशिष्ट गाण्याच्या आधारे विचारू इच्छितो. एड्स या रोगाविरुद्धच्या कार्याला द्रव्यसाहाय्य व्हावे म्हणून १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले ‘दॅट्स व्हॉट फ्रेंड्स आर फॉर’ हे ते गाणे होय. डायॉन वॉर्विक, ग्लॅडिस नाइट, स्टीव्ही वंडर आणि एल्टन जॉन अशा चार नामवंत गायकांनी ते मिळून गाइले. १९८६ च्या जानेवारीत ते अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत अग्रस्थानी गेले आणि चार आठवडे तेथे राहिले. पुढच्या वर्षी त्याला ‘ग्रॅमी’ पारितोषिके मिळाली. अमेरिकन फाउंडेशन फॉर एड्स रिसर्च या संशोधनसंस्थेला त्यातून तीस लाखांहून अधिक डॉलर मिळाले. या रोगासाठी गाइलेल्या मदतीच्या गाण्यांत हे आरंभीचे आणि सर्वांत यशस्वी गाण्यांपैकी एक होय. यश एवढे निर्विवाद असता टीकाकाराने त्यात काय शोधावयाचे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की या गाण्यात एक विलक्षण मौन आहे, आणि त्या मौनाचा अर्थ लावणे हेच त्याचे परीक्षण होय.

प्रथम गाण्याची जन्मकथा पाहू. ते मुळात एड्ससाठी लिहिलेलेच नव्हते. बर्ट बॅकरॅक आणि कॅरोल बेयर सेगर या जोडीने ते १९८२ साली ‘नाइट शिफ्ट’ या चित्रपटासाठी रचले होते. शवागारात रात्रपाळी करणाऱ्या दोघा इसमांची ती विनोदी कथा. चित्रपटाच्या शेवटी हे गाणे रॉड स्टुअर्ट यांच्या आवाजात ऐकू येई. त्या वेळी त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. तीन वर्षांनी तेच शब्द, तीच चाल, परंतु कंठ निराळे आणि प्रसंग निराळा. आणि त्या अलक्षित गाण्याने साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले.

प्रसंग कोणता होता, हे समजून घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. लॉस एंजल्समधील पाच तरुणांच्या चमत्कारिक न्यूमोनियाचा वृत्तांत ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात छापला गेला, तेव्हापासून या रोगाचा लिखित इतिहास सुरू होतो. १९८३ मध्ये त्याचा विषाणू हाती लागला. १९८५ मध्ये रक्ताची तपासणी करण्याचे साधन मिळाले. परंतु औषध एकही नव्हते. पहिले औषध मंजूर झाले ते १९८७ साली. रोग झाला हे सांगता येत होते, बरा करता येत नव्हता, असा तो काळ. अशा काळात भीतीला ऊत येतो. समलिंगी पुरुष आणि शिरेतून मादक द्रव्ये घेणारे लोक यांच्यात रोग अधिक आढळल्यामुळे या भीतीला नीतीचा मुलामा मिळाला. रोग ही शिक्षा आणि रोगी हा अपराधी ठरला. इंडियाना राज्यातील रायन व्हाइट या मुलाला रक्तस्रावाच्या व्याधीवरील उपचारातून हा संसर्ग झाला होता. त्यालाही १९८५ मध्ये शाळेने वर्गात येण्यास मज्जाव केला. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात चित्रपटनट रॉक हडसन यांना हा रोग असल्याचे जाहीर झाले आणि २ ऑक्टोबरला ते मरण पावले. त्यांची जुनी सहकारी आणि मैत्रीण एलिझाबेथ टेलर यांनी मदतीच्या कामाला वाहून घेतले. न्यूयॉर्क आणि लॉस एंजल्स येथील दोन संस्था एकत्र येऊन वर उल्लेखिलेली संशोधनसंस्था स्थापन झाली, तीही याच वर्षी. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी या रोगावर पहिले सविस्तर भाषण केले ते मात्र ३१ मे १९८७ रोजी, म्हणजे आपले हे गाणे लोकांच्या ओठी बसून सव्वा वर्ष उलटल्यावर.

आता गाण्याकडे वळू. केवळ शब्दांकडे पाहिले तर त्यात काव्य म्हणावे असे थोडेच आहे. सुखात आणि दुःखात मी तुझ्या सोबत आहे, माझ्यावर भरवसा ठेव, असे एक मित्र दुसऱ्याला सांगतो. याहून अधिक त्यात काही नाही. प्रतिमा नाही, कल्पनेची झेप नाही, शब्दांची निवडही अशी की शुभेच्छापत्रावर छापली तरी खपून जावी. चाल मात्र कुशल हाताची आहे. बॅकरॅक यांच्या स्वररचनेला सरळ चालता चालता किंचित वळण घेण्याची खोड आहे. तिने त्या साध्या शब्दांना पोकळ होऊ दिलेले नाही. स्टीव्ही वंडर यांचे हार्मोनिकावादन, वॉर्विक यांचा संयत आवाज, चर्चच्या भजनांत घडलेला ग्लॅडिस नाइट यांचा भरदार गळा आणि एल्टन जॉन यांची मोकळी फेक, हे चारही रंग एकमेकांत न मिसळता एकमेकांशेजारी उभे राहतात. तथापि एवढ्यावरून हे गाणे श्रेष्ठ ठरत नाही. अशी सुबक गाणी त्या काळी अमेरिकेत दर महिन्याला निघत असत. मग याच गाण्याने ऐकणाऱ्याचा गळा का दाटावा?

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. मम्मटाने आर्थी व्यंजनेचा विचार करताना व्यंग्यार्थ कशाकशाने निष्पन्न होतो, हे मोजून सांगितले आहे: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्वराचा हेल कसा, जवळ कोण उभे आहे, प्रकरण कोणते, देश कोणता, काळ कोणता. सूर्य मावळल्याची वार्ता सांगणारे साधे वाक्य गुराख्याला एक सांगते, अभिसारिकेला दुसरे आणि चोराला तिसरेच. वाच्यार्थ रतिभरही बदलत नाही. ध्वनी मात्र पार बदलतो. १९८२ साली ‘मी तुझा मित्र आहे’ हे वाक्य विनोदी चित्रपटाच्या शेवटी उच्चारले गेले आणि विरून गेले. १९८५ साली तेच वाक्य जिथे रुग्णाला शेजारी टाळत होते, शाळा दार लावून घेत होती, अशा देशात उच्चारले गेले. त्याबरोबर ‘मित्र’ या शब्दाला धार आली. एरवी मैत्रीचे आश्वासन देण्यास काही पडत नाही. ज्याच्या जवळ जाण्यास लोक भितात त्याला ते देणे हे धाडसाचे कृत्य ठरते. गाण्याचा भावार्थ कवीने लिहिला नाही, तो प्रसंगाने लिहिला.

या ठिकाणी मराठी वाचकाला एका जुन्या प्रसंगाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी एका रंगमंचावर भामिनी आणि धैर्यधर म्हणून उभे राहिले. खाडिलकरांच्या त्या नाटकाचा स्वराज्य फंडाशी संबंध कोणता? कथानकाच्या दृष्टीने कोणताच नाही. परंतु ज्या प्रेक्षकांनी तो प्रयोग पाहिला त्यांना दोन नामांकित मंडळ्या आपली चुरस बाजूला ठेवून एका कार्यासाठी एकत्र आल्या, हे दृश्यच एक अर्थ सांगून गेले. पुढे तीनच महिन्यांत केशवरावांचे निधन झाले, त्यामुळे त्या रात्रीला दंतकथेचे तेज चढले. अमेरिकन गाण्याची गोष्ट याच जातीची आहे, पण एका महत्त्वाच्या बाबतीत ती निराळी ठरते. ‘मानापमाना’तील पदे स्वराज्याविषयी काहीच सुचवीत नव्हती, मैत्रीचे हे गाणे मात्र रुग्णाच्या नेमक्या दुखण्यावर बोट ठेवीत होते. त्याचे सर्वांत मोठे दुखणे त्या काळी एकाकीपण हे होते.

हा फरक आणखी स्पष्ट करण्यासाठी त्याच सुमाराच्या दुसऱ्या गाण्यांशी तुलना करून पाहावी. इथिओपियातील दुष्काळासाठी १९८४ अखेर इंग्लंडमध्ये बॉब गेल्डॉफ व मिज यूर यांनी, आणि १९८५ च्या आरंभी अमेरिकेत मायकल जॅक्सन व लायोनल रिची यांनी मदतीची समूहगीते रचली. अमेरिकन गीतात वॉर्विक आणि वंडर हे दोघेही गाइले होते. त्या गीतांनी अपार पैसा उभा केला, याबद्दल वाद नाही. परंतु त्यांचे व्याकरण तपासले तर काय दिसते? बोलणारे ‘आम्ही’, म्हणजे देणारे. ऐकणारे ‘तुम्ही’, म्हणजे देऊ शकणारे. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप तो भुकेला मनुष्य ‘ते’ या सर्वनामात दूर कोठे तरी उभा. दाता दात्याशी बोलतो आणि याचक तृतीय पुरुषात राहतो. मैत्रीच्या गाण्यात तृतीय पुरुषच नाही. त्यात ‘मी’ आहे आणि ‘तू’ आहे. रुग्णाविषयी ते बोलत नाही, रुग्णाशी बोलते. दयेचे व्याकरण आणि मैत्रीचे व्याकरण यांतील हे अंतर आम्हांस फार मोलाचे वाटते. किंबहुना या सामान्य गीताचे असामान्यत्व एवढ्याच गोष्टीत आहे, असे आम्ही म्हणू.

परंतु येथेच आमच्या स्तुतीला मर्यादा पडते. गाणे रुग्णाशी बोलते खरे, पण त्याला झाले आहे काय याचा उच्चार करीत नाही. रोगाचे नाव नाही, मरणाचे नाव नाही, भीतीचे तर नाहीच नाही. ते मुळात दुसऱ्या कामासाठी लिहिले गेले, हे याचे कारण झाले. पण तेच गाणे निवडले जावे, बदलले जाऊ नये, आणि नेमके तेच लोकप्रिय व्हावे, हा केवळ योगायोग नव्हे. उत्पन्न कोणत्या रोगासाठी जाणार हे जाहीर होते. तरीसुद्धा ज्याला तो शब्द घरात नको होता त्याला ही ध्वनिमुद्रिका विकत घेता येत होती, मुलांसमोर वाजवता येत होती, लग्नसमारंभात लावता येत होती. ज्याला ठाऊक आहे त्याने समजावे आणि ज्याला नको आहे त्याने न समजावे, अशी ती सोय होती. व्यंजनेची ही दुसरी बाजू आहे. ती सूचित करते, तशीच लपवितेही. आपल्याकडे क्षयरोग्याच्या घरी त्या रोगाचे नाव न घेता ‘छाती जरा नाजूक आहे’ असे म्हणत, ते ज्यांनी ऐकले असेल त्यांना हे मौन परके वाटणार नाही. त्यात रुग्णाची लाज राखली जाते हे खरे. पण ही लाज बाळगण्याजोगी गोष्ट आहे, हेही त्यातून नकळत मान्य केले जाते.

या मौनाची किंमत काय असते, हे पुढे एका कलावंताच्या चरित्राने दाखवून दिले. आणि त्या चरित्राचा एक धागा आपल्या पाचगणीपर्यंत पोचतो. झांजिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेले फरोख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले, तेथेच सवंगड्यांबरोबर पहिल्या वाद्यवृंदात वाजवू लागले, आणि पुढे ‘क्वीन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला ठाऊक झाले. आपल्याला एड्स आहे हे त्यांनी २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी ते वारले. ज्याने हजारो लोकांसमोर उभे राहून प्रत्येक भावना आरोळी देऊन सांगितली, त्याला स्वतःच्या रोगाचे नाव मरणाच्या उंबरठ्यापर्यंत जाहीरपणे घेता आले नाही वा घ्यावेसे वाटले नाही. डिसेंबरमध्ये त्यांचे १९७५ सालचे ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ हे गीत पुन्हा प्रसिद्ध करण्यात आले आणि ब्रिटनमध्ये पुन्हा अग्रस्थानी गेले. त्यातून दहा लाखांहून अधिक पौंड टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला मिळाले. टेरेन्स हिगिन्स हे या रोगाने ब्रिटनमध्ये प्रथम दगावलेल्यांपैकी एक. त्यांच्या मागे त्यांच्या जिवलगांनी १९८२ मध्ये ही संस्था काढली. येथेही जुनेच गाणे, येथेही रोगाचा उल्लेख नाही, आणि येथेही प्रसंगाने अर्थ पालटला: मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या तरुणाने आईशी केलेले ते नाटकी हितगुज १९९१ साली ऐकताना नाटकी राहिले नाही. मात्र एक भेद लक्षात घ्यावा. १९८५ च्या गाण्यात रुग्ण हा ऐकणारा होता. १९९१ च्या गाण्यात तो गाणारा होता, पण तोवर गाणारा उरला नव्हता.

जिवंतपणी गाणाऱ्या रुग्णाला ऐकावयाचे असेल तर आफ्रिकेकडे जावे लागते. काँगोचे थोर गायक फ्रँको यांनी १९८७ साली या रोगाविषयी सावधगिरीचा इशारा देणारे प्रदीर्घ गीत गाइले. त्याच्या शीर्षकातच रोगाचे फ्रेंच नाव आहे. ते मदतीचे गीत नव्हे, उपदेशाचे आहे. उपदेशाचा रूक्षपणाही त्यात आहे. पण त्यात आडपडदा नाही. याच्याही पुढचे पाऊल युगांडाचे फिली लुटाया यांनी टाकले. स्वीडनमध्ये राहणारा हा लोकप्रिय गायक १९८९ मध्ये मायदेशी आला आणि मला हा रोग आहे असे त्याने उघड सांगितले. त्यानंतर शाळाशाळांतून, सभांतून तो बोलत आणि गात फिरला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात वारला. त्याचे ‘अलोन अँड फ्रायटन्ड’ हे गीत प्रथम पुरुषात आहे. शीर्षकातच एकाकीपण आणि भय यांचा उच्चार आहे. म्हणजे अमेरिकन गाण्याने जे दोन शब्द गिळले तेच लुटाया यांनी माथ्यावर लिहिले. ही दोन गीते शेजारी ठेवून ऐकावीत, अशी आमची वाचकांस विनंती आहे. एकात मित्र म्हणतो, मी आहे; दुसऱ्यात रुग्ण म्हणतो, मी एकटा आहे. जणू काही एका संभाषणाचे दोन अर्धे दोन खंडांत पडले आहेत, आणि त्यांची गाठ पडलेली नाही.

ती गाठ पाडण्याचा प्रयत्न पुढे झाला का? २००१ साली अनेक गायकांनी मिळून मार्विन गे यांचे १९७१ मधील ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे गीत आफ्रिकेतील एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी नव्याने गाइले. ध्वनिमुद्रण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाले, आणि लगेच ११ तारखेला न्यूयॉर्कवर हल्ला झाला. गीत प्रसिद्ध झाले तेव्हा त्याच्या उत्पन्नाचा एक वाटा त्या हल्ल्यात सापडलेल्यांसाठी ठेवला गेला. हा निर्णय माणुसकीचाच होता. परंतु गीतात ज्याचे नाव नाही त्याच्यासाठी ते राखून ठेवता येत नाही, हा धडाही त्यातून मिळतो. प्रसंगाने दिलेला अर्थ दुसऱ्या प्रसंगाने काढून घेतला.

येथे कोणी म्हणेल: आपण साहित्याचा हा कीस काय काढीत बसला आहात? पैसा मिळाला ना? रुग्णाला व्यंजना नको, औषध हवे. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. म्हणून पैशाचाच हिशेब करून पाहू. २००१ च्या आरंभापर्यंत तीन औषधांच्या संयुक्त उपचाराला पाश्चात्त्य बाजारात एका रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. त्या दराने आमच्या गाण्याचे तीस लाख डॉलर फार तर तीनशे रुग्णांना एक वर्ष पुरले असते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने तोच उपचार सेवाभावी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. या दराने तेवढीच रक्कम साडेआठ हजार रुग्णांना पुरती. याचा अर्थ असा, की रकमेइतकेच महत्त्व किमतीला आहे. आणि किंमत उतरते ती वर्गणीने नव्हे. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या उत्पादनावर एकाधिकार नाकारला होता म्हणून सिप्लाला ते औषध करता आले; आणि दक्षिण आफ्रिकेतील रुग्ण स्वतः रस्त्यावर उतरले म्हणून त्याची मागणी जगाच्या कानी गेली. रुग्णाला माणूस म्हणून बोलता येणे ही चैन नाही, त्याच्या औषधाची ती पूर्वअट आहे. गाण्यात त्याला आवाज असावा, हा आमचा आग्रह म्हणूनच केवळ रसिकतेचा आग्रह नव्हे.

२००७ मध्ये ॲनी लेनॉक्स यांनी ‘सिंग’ हे गीत काढले. त्यात तेवीस गायिकांनी त्यांना साथ दिली. त्याचे उत्पन्न दक्षिण आफ्रिकेच्या ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ या चळवळीसाठी होते. आईपासून बालकाला होणारा संसर्ग रोखणे हे तिच्या कार्यांपैकी एक. कलेच्या मापाने आम्ही हे गीत १९८५ च्या गाण्याच्या वर ठेवणार नाही. त्यात घोषणेचा जोर अधिक आहे आणि मनात रेंगाळणारा स्वर कमी. परंतु त्यात एक गोष्ट अशी आहे, जी आधीच्या मदतीच्या गीतांत नव्हती: त्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या गायनाचा अंश त्या गीतात गुंफलेला आहे. ज्यांच्यासाठी गाणे, त्यांचाही सूर गाण्यात आला. संभाषणाचे दोन अर्धे ओबडधोबडपणे का होईना, प्रथमच जुळले.

फडके आणि खांडेकर यांच्या नावांनी कला आणि जीवन यांचा जो वाद आपल्याकडे वर्षानुवर्षे रंगला, त्यात अशा गीतांचे स्थान कोणते? कलावादी म्हणेल, हेतूने गाणे मोठे होत नाही. ते खरे आहे. ‘सिंग’ त्याची साक्ष देते. जीवनवादी म्हणेल, जीवनाशी संबंध जडल्यावाचून गाण्याला अर्थ येत नाही. तेही खरे आहे. १९८२ आणि १९८५ यांमधला फरक त्याची साक्ष देतो. परंतु मदतीच्या गीताला या दोहोंखेरीज तिसरा प्रश्न विचारला पाहिजे: यात बोलतो कोण, ऐकतो कोण, आणि ज्याच्या नावाने हे चालले आहे तो कोणत्या पुरुषी सर्वनामात उभा आहे? या कसोटीवर ‘दॅट्स व्हॉट फ्रेंड्स आर फॉर’ अर्ध्या गुणांनी उत्तीर्ण होते. त्याने रुग्णाला ‘तो’ म्हटले नाही, ‘तू’ म्हटले. हे त्याचे श्रेय. त्याने त्या ‘तू’ला उत्तर देण्यास जागा ठेवली नाही, ही त्याची उणीव.

परदेशी गाण्याचा हा प्रपंच आपल्यापुढे मांडण्यास एक कारण आहे. ज्या १९८६ साली ते गाणे अमेरिकेत अग्रस्थानी होते, त्याच साली भारतात या विषाणूचा पहिला पुरावा मद्रासमध्ये मिळाला. तो मिळवून देणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या या मराठी बाईंनी पुढे १९९३ मध्ये माहेरच्या नावाने संशोधन आणि उपचार यांची संस्था काढली आणि २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत रुग्णांची साथ सोडली नाही. त्यांनी गाणे गाइले नाही; पण ज्या स्त्रियांच्या रक्तात तो विषाणू सापडला त्या समाजाने टाकलेल्या वेश्या होत्या, आणि त्यांच्याशी कोणी तरी ‘तू’ म्हणून बोलावयास हवे होते. ते काम त्यांनी केले.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या टेबलावरून मदतीच्या याद्या, निधीची पत्रके आणि शुभकार्यार्थ नाट्यप्रयोगांची तिकिटे नित्य जात असतात. परप्रांतातील आपल्या मंडळांचे निम्मे कार्यक्रम कोणत्या ना कोणत्या मदतीसाठीच होतात, आणि ते व्हावेत. तिकीट घेतले, गाणे ऐकले, यादीवर सही केली, की आपले कर्तव्य संपले असे मनाला वाटते. तसे वाटणे स्वाभाविकही आहे. पुढच्या वेळी अशा कार्यक्रमाला बसाल तेव्हा एवढेच पाहा, की ज्याच्यासाठी हे सारे आहे तो त्या सभागृहात कोठे बसला आहे. आणि त्याला एखादी खुर्ची दिलेली आहे की नाही.